तीन आणि तीन सात

आमच्या घराची मागची भिंत गावच्या गायींनी चाटून चाटून वीतभर पातळ केली आहे. खोटं वाटत असेल तर करावे गावात या आणि स्वतःची जीभ लावून बघा. घर बांधलं एका वाण्याने, मिठाच्या व्यापाऱ्याने. खाली गाळा आणि वखार, वर राहायला माडी. त्या वखारीच्या भिंतींनी इतकं मीठ पिऊन ठेवलंय की पावसाळ्यात त्यांना अजून घाम फुटतो, आणि त्या घामात आमटी होते. आमच्या कौलांवर बसणाऱ्या कावळ्यांना ब्लडप्रेशर आहे. शेजारच्या गल्लीतले कावळे बघा, कसे निवांत बसतात. आमचे सारखे तडफडत असतात.

ही झाली माझी बाजू. आता जे डोळ्यांना दिसतं ते सांगतो. वखारीत एकही लोखंडी खिळा नाही. सुताराला ठाऊक होतं की मिठाशेजारी लोखंड म्हणजे मांजराशेजारी बोंबील, टिकायचं नाही. त्यामुळे खांब, तुळया, जिना, सगळं सागाच्या खुंट्यांवर ठोकून बसवलेलं. पुढचा ओटा माणसाच्या छातीएवढा उंच. एक तर उधाणाचं पाणी गल्लीत शिरलं तरी मीठ कोरडं राहावं, आणि दुसरं म्हणजे बैलगाडी मागे घेतली की तिची पाठ बरोबर ओट्याला लागे. गोण उचलायची नाही, नुसती ढकलायची. माडीला खाडीच्या बाजूने एक अरुंद खिडकी. वाणी तिथे बसून दाढी करता करता येणाऱ्या गलबतांची शिडं मोजायचा. आता तिथून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसते.

मिठागरं नव्या शहराच्या पोटात जायच्या थोडं आधी वाण्याला वास लागला. व्यापाऱ्याचं नाक ते. तो मुलांकडे मुंबईला निघून गेला, आणि घर घेतलं माझ्या आजोबाने, जो त्याच्याच मिठागरावर फावडं मारायचा. गाव अजून त्याला वान्याचा घर म्हणतो. दोन पिढ्या आम्ही त्यात जन्मलो, लग्नं केली, भांडलो, मेलो, तरी घर वान्याचाच. आम्ही जणू भाडेकरू.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी दोन गोष्टी एकदम झाल्या. पहिली म्हणजे एका बिल्डरने आमचं आणि शेजारची दोन घरं मिळून टॉवर करायचा प्रस्ताव आणला. घराच्या डाव्या अंगाला मी राहतो, उजव्या अंगाला माझा चुलतभाऊ. आम्हा दोघांच्या सह्या झाल्या की विषय संपला. चुलतभाऊ इतका खूश होता की त्याने न बांधलेल्या फ्लॅटसाठी पडदे बघायला सुरुवात केली. दुसरी गोष्ट म्हणजे आर्किटेक्चर शिकणारी एक पुण्याची मुलगी आली. म्हणाली, काका, घर पडणारच आहे तर त्याआधी मी त्याचे नकाशे काढून ठेवते. हातात लाल ठिपका टाकून अंतर सांगणारं यंत्र, पाठीला दप्तर, आणि डोळे असे की भिंतीच्या आतलं दिसावं.

मी तिला सगळं घर दाखवलं. गायींचं सांगितलं, कावळ्यांचं सांगितलं, जिन्याच्या तोंडावरच्या आडव्या दाराचंही सांगितलं, की वाणी त्या दारावर गादी टाकून झोपायचा आणि चोराने खालून ढकललं की चोरालाच आशीर्वाद द्यायचा. तिने सगळं लिहून घेतलं आणि प्रत्येकापुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकलं. भिंतीला मात्र तिने खरंच जीभ लावली. मला त्या क्षणी ती आवडली.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "काका, घराचे जुने कागद आहेत का?"

आजोबाची वाटणी होती. कोर्टाबिर्टाची नाही, घरचीच. आजोबाने सांगितली आणि गावच्या शाळेतल्या गुरुजींनी लिहिली. गुरुजी घाटावरचे, अक्षर मोत्याचं. कागद आमच्या देवघरात असतो, दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं, त्यामुळे अर्धी वाक्यं पिवळी आणि अर्धी लाल. मी तिला तो मोठ्या दिमाखात वाचून दाखवला. "वाण्याकडील घर सातखणी. पैकी थोरल्याकडे तीन, धाकट्याकडे तीन. बहिणीस खण एक, मानाचा, कायम."

थोरला म्हणजे माझे वडील. धाकटा म्हणजे काका, चुलतभावाचा बाप. दोघेही आता नाहीत. बहीण म्हणजे आत्या, ती आहे. आणि त्या मानाच्या खणात आमच्या घराण्याने कधी कसूर केलेली नाही, हेही मी त्या मुलीला छाती पुढे काढून सांगितलं. दर भाऊबीजेला आत्याला एक खण आणि नारळ. वडील होते तोवर वडील न्यायचे, मग काका, आता मी. रेशमी काठाचा, खास ठाण्याहून आणलेला खण. मिठागर बुडालं तेव्हा दिला, जमिनी गेल्या तेव्हा दिला. कोरोनात तर मी तो खण काठीला बांधून तिच्या खिडकीपर्यंत पोचवला. ती पहिल्या मजल्यावर राहते, काठी बारा हात लांब होती. बरं, दहा.

मुलगी ऐकत होती. मग तिने हळूच विचारलं, "काका, खण म्हणजे कुठला खण?"

"चोळीचा. दुसरा कुठला असतो?"

"दोन खांबांच्या मधली जागा. घर त्याच्यावर मोजायचे. आमच्याकडे अजून म्हणतात, पाच खणी घर, सात खणी घर." तिने नकाशा माझ्यापुढे सरकवला. "तुमच्या घराला पुढून आठ खांब आहेत. आठ खांब, सात खण. तीन तुमचे, तीन त्यांचे."

पुण्याच्या माणसाला कुठे थांबायचं ते बरोबर कळतं.

आता आमच्या लोकांची चूक कशी झाली ते समजून घ्या. आमच्या गावात घर खोल्यांनी मोजत. ओटी, पडवी, खोली. आता बीएचकेने मोजतात. खण हा घराचा शब्द आमच्या जिभेवर कधी नव्हताच. तो वाण्याचा, त्याच्या सुताराचा आणि घाटावरच्या गुरुजींचा. आमच्याकडे खण फक्त बाईच्या ओटीत पडतो. सातखणी म्हणजे काय, तर ओव्यांमध्ये राजाची सातखणी माडी असते तसं गुरुजींनी शोभेला लिहिलं असेल, असं वडील सांगायचे. आणि बहिणीला मानाचा खण कायम, यात न समजण्यासारखं काय आहे? आत्याकडून हक्कसोडीवर सहीसुद्धा कोणी मागितली नाही, कारण तिचं कागदातच मिटलंय अशी सगळ्यांची खात्री.

पण तीन आणि तीन सहा. हे मात्र दोन पिढ्यांत कोणी मोजलं नाही! मिठाच्या राशी डोळ्यांनी तोलणारी माणसं आम्ही.

सातवा खण म्हणजे मधला, जिन्याचा. तो दोघांचा, म्हणजे कोणाचाच नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. तिथे फळी टाकून ओट्यावर चढवलेली माझी मोटारसायकल, चुलतभावाचं बिघडलेलं वॉशिंग मशीन, जुनी जाळी, गणपतीचं मखर. त्या खणासाठी दोन्ही घरांत चिकार भांडणं झाली, पण ती झाडायचं कोणी यावरून. मालक कोण, यावर एकदाही नाही.

मी मुलीला म्हणालो, "तो खण नाय गं. ती जिन्याची पोकळी."

"काका, पोकळी बाकीच्या खणांपेक्षा एक फुटाने जास्त रुंद आहे."

"सुताराची चूक."

"पुढून आणि मागून सारखीच?"

मी चहा ठेवायला आत गेलो आणि साखरेऐवजी मीठ घातलं. हे मात्र अक्षरशः खरं आहे.

चुलतभावाला सांगितलं तेव्हा तो पडद्यांचे नमुने बघत होता. तो म्हणाला, "भावा, तू टेन्शन घेऊ नको. पोरीला चहा पाज आनि कल्टी दे. आत्येला कशाला सांगायचं? तिला बिचारीला चोळीत आनंद हाय."

"आणि पुढं कोणी वाचलं तर?"

"कोन वाचतंय? तुझं खरं तरी कोन मानतंय गावात?"

हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

त्या आठवड्यात माझ्या पायांना चाकं लागली. घरात बसवेना. बसलो की मधल्या खणाकडे नजर जाई आणि ते वॉशिंग मशीन माझ्याकडे बघत असल्यासारखं वाटे. मग उठायचं, गल्लीतून तलावापर्यंत, तलावापासून पुलापर्यंत, पुलावरून परत. बायको म्हणाली, तुमच्यामुळे चपला झिजतायत का रस्ता? वडिलांचा विचार पाठ सोडेना. त्यांना खरंच कळलं नव्हतं? ते दर वर्षी बाजारातला सगळ्यांत भारी खण आणायचे. स्वतःला गंजिफ्रॉक घेताना दहा दुकानं फिरणारा माणूस खणाच्या दुकानात मात्र भाव न विचारता बोट दाखवायचा. ज्याला काहीच ठाऊक नाही तो इतका भारी खण घेईल? की बहिणीवर जीव होता म्हणून? मी दोन्ही बाजूंनी विचार करायचो आणि दोन्ही बाजू मला पटायच्या. अजून पटतात.

आणि मला स्वतःला टॉवर नको होता का? हवा होता. लिफ्ट हवी होती, भिंतीला घाम न येणारी खोली हवी होती. आत्या मध्ये आली की तीन हिस्से, नवे कागद, नवी बोलणी, आणि तिने नाही म्हटलं तर सगळंच राहिलं. आता मी थापा मारतो, पण चोरी करत नाही, असं मी स्वतःला पुलावर तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी शेजारून जाणारा एक जॉगिंगवाला दचकला.

आत्या सीवूड्सला लेकीकडे राहते. वन रूम किचन. लेक, जावई, दोन नाती आणि ती. तिचं अंथरूण हॉलमध्ये, सोफा आणि टीव्हीच्या मधल्या पट्टीत. सगळे उठायच्या आत ती ते गुंडाळून सोफ्यामागे सारते, जणू चोरीचा माल. जावई भला आहे, म्हणून तर अवघड. तो पहिल्या शिफ्टवरून आला की दुपारी हॉलमध्ये आडवा होतो, आणि आत्या मॉलमध्ये जाऊन बसते. गार हवा खायला, असं सांगते. एकदा मला म्हणाली होती, "सगला हाय मना. दार तेवढा नाय. बाईला कवा तरी दार लावून बसावा वाटतं."

भाऊबीजेला खण आणि नारळ घेऊन गेलो. तिच्या घरी जावयाच्या बहिणी आलेल्या, पाय ठेवायला जागा नाही. "चल रं, माज्या बंगल्यावर," असं म्हणून ती मला मॉलमध्ये घेऊन गेली. सरकत्या जिन्याजवळच्या बाकावर तिची जागा ठरलेली. वॉचमन तिला मावशी म्हणतो, आणि ती त्याला त्याने जेवण केलं का हे रोज विचारते. तिथे, दिवाळीच्या गर्दीत, मी तिच्या ओटीत खण आणि नारळ घातला.

तिने खण उलगडला, मांडीवर पसरला आणि वितीने मोजला. दर वर्षी मोजते. "तुजा बापूस देयाचा त्यो मोटा असायचा. हा बग, चार बोटा कमी. दर वर्सी आखूड व्हतंय तुमचा मान."

माझ्या तोंडून निघून गेलं. "आत्या, तुझा खण दहा फूट रुंद आणि बावीस फूट लांब हाय."

ती इतक्या जोरात हसली की सरकत्या जिन्यावरची माणसं वळली. "दा फूट? मी बाय हाय का हत्तीन? तुजी थाप आता मॉलात बी मावना!"

"थाप नाय. आईशप्पथ."

"मागच्या टायमाला पन आईशप्पथ बोलला व्हतास, खाडीत मगर बगली म्हनून."

"मगर होती ती!"

"लाकूड व्हता."

मग मी तिला नीट सांगायला लागलो. आठ खांब, सात खण, गुरुजी घाटावरचे. जितकं खरं सांगावं तितकी ती हसत होती, पदराने डोळे पुसत होती. वॉचमनला तिने बोलावून घेतलं, "ऐक रे, हा काय बोलतंय." आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट वाढवून न सांगता सांगत होतो, आणि पहिल्यांदाच एवढा तोंडघशी पडलो. शेवटी मी हरलो आणि गप्प बसलो. तिचं हसू तेव्हा हळूहळू थांबलं. माझं गप्प बसणं तिला खोटं वाटलं नसावं.

"चल," ती म्हणाली. "रिक्षा कर."

गावात आलो तेव्हा दुपार होती. आत्याने ओटा चढायला माझा हात नाकारला. एकेका खांबाला तळहात लावत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मोठ्याने मोजत होती, शाळेतल्या पोरीसारखी. आठ. मग मध्ये परत आली आणि माझ्या मोटारसायकलीशेजारी उभी राहिली. चुलतभाऊ आवाज ऐकून बाहेर आला. माझ्याकडे त्याने असं बघितलं की मी वॉशिंग मशीनमागे सरकलो.

"आत्ये, हा सांगतो त्याला काय अर्थ?" तो म्हणाला. "खन म्हनजे चोळीचा खन. दुनिया जानते."

आत्याने कागद मागवला. मी देवघरातून आणला. तिने तो स्वतः वाचला, बोट फिरवत, हळदकुंकवाखालची अक्षरं ओळखत. मग चुलतभावाला विचारलं, "थोरल्याला तीन, धाकट्याला तीन. काय तीन?"

"तीन... हे... घराचे."

"घराचे काय? इथं लिवलंय सातखनी, मंग तीन आनि तीन, आनि मना खन एक. माजा खन चोलीचा असंल, तं तुजे तीन बी चोलीचेच. जा, शिव आनि घाल."

चुलतभावाची बायको आतून हसली. त्याने वळून बघितलं तेव्हा ती भांडी घासत होती.

तो शहाणा आहे, लगेच बाजू बदलली. म्हणाला, बरं, तुझा तर तुझा. तूही सही कर. तुलाही फ्लॅट मिळेल, दाराला तीन तीन कड्या असलेला.

"कवा?"

"चार वर्सं. फार तर पाच."

आत्या गेल्या वर्षी अठ्ठ्याहत्तरची होती. तिने वय काढलं नाही. वर तुळईकडे बघत म्हणाली, "आदी राहून बगते. चांगला असला तं कोन देईल? आनि वाईट असला तं बिल्डराला कशाला फसवाचा?"

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल गल्लीत आली, वॉशिंग मशीन भंगारात गेलं आणि आत्या एक ट्रंक आणि अंथरूण घेऊन मधल्या खणात आली. लेक रडत आली, आम्ही काय कमी केलं म्हणून. आत्याने तिला चहा दिला, पाठीवरून हात फिरवला आणि संध्याकाळी परत पाठवलं. पुण्याच्या मुलीने नकाशावर तो खण वेगळ्या रंगाने रंगवला.

याला पाच महिने होत आले. बिल्डरचा माणूस दर सोमवारी फोन करतो. चुलतभाऊ आत्याच्या ताटातल्या मासळीचे काटे काढून देतो, इतका गोड झालाय. मी पुलावर जातो आणि परत येतो. घर राहावं असं मला वाटतं की लिफ्ट यावी असं, हे मला सकाळी वेगळं आणि संध्याकाळी वेगळं वाटतं. आत्याला विचारलं तर म्हणते, "अजून भिंती वलखाच्या हायेत."

आणि सगळ्यांत मोठी पंचाईत अशी, की माडीवर जायचा जिना तिच्या खणात आहे. माझे कपडे, माझा पंखा, माझी दुपारची झोप, सगळं वर. त्या खणाला चार कोपऱ्यांना खांब आहेत, पण पुढून ना भिंत ना दार. काल दुपारी मी सवयीने सरळ आत शिरलो.

"ए. भायेर हो. ठोक आनि मंग ये."

"कशावर ठोकू? दार कुठंय?"

"खांब हाय ना."

मी बाहेर ओट्यावर गेलो. खांबावर बोटांनी टकटक केलं. ती माझ्यापासून चार हातांवर बसली होती, माझ्याकडे तोंड करून, सुपात जवळ्याची सुकी मासळी निवडत.

"कोन हाय?"

"मी हाय, आत्या."

"मी कोन?"

"तुझा भाचा."

"काय पायजे?"

"वर जायाचंय."

तिने सुपातला एक खडा उचलला, उजेडात धरून नीट बघितला आणि बाजूला टाकला.

"थांब," ती म्हणाली.

मी थांबलो.